बोटीवर रंगवलेला शब्द

बाई,

काल नववीच्या वर्गात तो शब्द आला आणि मी तो पुन्हा गाळला. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. फळ्यावर बाकीचे सगळे अवघड शब्द लिहिते, त्याच्या जागी आले की खडू खाली ठेवते, घसा खाकरते आणि पुढच्या ओळीवर जाते. मुलांना काही कळत नाही. येत्या मे महिन्यात मी निवृत्त होईन. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, वाणगावच्या तुमच्या खोलीत आता कोण राहतं तेही मला ठाऊक नाही. तरी लिहायला बसले, कारण हे जिवंत माणसाला सांगायची माझी छाती नाही. मी जन्माची भित्री, ते तर तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतंत.

तुम्हाला आठवत असेल ते वर्ष. बोईसरला कारखान्यांचे पत्रे चढत होते, आमच्याकडचे दहावी झालेले लोक तिकडं कारकून म्हणून लागत होते, आणि तुम्ही पालघरहून एसटीनं येऊन आम्हाला इंग्रजी शिकवत होता. नववीला तुम्ही पुस्तकातला धडा बाजूला ठेवलात आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची एक इंग्रजी भयकथा शिकवायला घेतलीत. एक ओसाड गढी, तिचा एकटा मालक, आणि जमिनीखालून येणारे आवाज. तुम्ही आधी गोष्ट मराठीत सांगायचात, अगदी हळू, खिडकी लावून घेऊन, आणि मग तिच्यातले अवघड शब्द फळ्यावर लिहायचात. डिस्मल. पॅलर. ड्रेड. सेपल्कर. फोरबोडिंग. तुमचं म्हणणं असं की घाबरून शिकलेला शब्द माणूस मरेपर्यंत विसरत नाही. वर्गातली निम्मी मुलं हसायची. मी बाकाची कड घट्ट धरून बसलेली असे, आणि घरी जाताना सुरूच्या बागेतली जवळची वाट सोडून लांबच्या रस्त्यानं जाई.

आणि तुमची ती अट. शब्द नुसता वहीत लिहून चालायचा नाही, तो घरच्या मोठ्या माणसाला मोठ्यानं म्हणून दाखवायचा, त्याचा अर्थ आपल्या भाषेत समजावायचा, आणि त्या माणसाची शब्दापुढं सही आणायची. सही येत नसेल तर अंगठा. आमच्या कोळीवाड्यातल्या मुलींना तुम्ही शाळेच्या ऑफिसातलं एक जुनं स्टँपपॅड आणून दिलं होतंत, कोरडं पडलेलं, त्यावर थेंबभर पाणी टाकावं लागे. आईबापांना आपली पोरं काय शिकतात ते कळलं पाहिजे, तुम्ही म्हणालात. तुमच्या मनात काही वावगं नव्हतं. पण तुम्ही घाटावरच्या, तुम्हाला आमच्या घरचं काय माहीत असणार?

आमच्या घरात अर्धे शब्द बोलायचेच नसत. ज्या घरचा माणूस समुद्रावर जातो त्या घरातली ती रीत. बांगडी वाढते आणि दिवाही वाढवायचा, हे तर सगळ्याच घरांत चालतं. आमच्याकडं सूर्यसुद्धा बुडत नसे, तो खाली जाई. चहात बटर बुडव असं मी एकदा बोलून गेले तर आईनं कप बाजूला ठेवून माझ्या तोंडावर चापट मारली होती. बटर भिजवायचा. मरण, प्रेत, मसण हे शब्द तर मी घरात कधी ऐकलेच नाहीत. कोणी गेलं की आई नुसती देवीच्या देवळाकडं हात करायची. अशा बाईपुढं मी वही घेऊन बसले, श्रावण लागायच्या जरा आधी. बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी झाकलेल्या होत्या, बाबा आणि काका ओटीवर जाळं दुरुस्त करत होते, आई त्यांना सूत भरून देत होती. पाच शब्द होते. त्यातला चौथा सेपल्कर. थडगं, दगडात बांधलेलं.

पहिले तीन मी कसेबसे पार पाडले. पॅलर म्हणजे चेहरा पांढरा पडणं, त्याचा अर्थ गोरेपणा असा सांगितला, ड्रेडचा अर्थ देवाचा धाक. आईनं खुशीत अंगठे दिले. चौथ्याला मी अडले. बाबा समोर बसलेले, पंधरा दिवसांनी बोट पाण्यात जायची, आणि मी तो अर्थ ओटीवर उच्चारायचा? मी म्हटलं, सेपल्कर म्हणजे पक्कं घर. दगडी. आत वारा नाही, पाऊस नाही, माणूस अगदी सुखरूप. आमचं घर तेव्हा कुडाचं होतं. आईनं हातातलं सूत खाली ठेवलं आणि तो शब्द तीन-चार वेळा तोंडात घोळवला. "चांगला हाय ह्यो," ती म्हणाली, "आपल्यातल्याच कुनाचं आडनाव वाटतंय." बाबा हसले. आईनं त्या शब्दापुढं अंगठा इतका दाबून उठवला की शाई मागच्या पानावर उतरली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वही पाहिलीत. अंगठे बघून तुम्हाला फार आनंद झाला. मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहून तुम्ही विचारलंत की आईला खरे अर्थ सांगितलेस ना? मी म्हटलं, हो बाई. हे माझं दुसरं खोटं. तुम्ही एवढंच म्हणालात की शब्दाचा अर्थ आपल्याला झेपत नसेल तर गप्प बसावं, पण तो बदलू नये. मी मान हलवली आणि जागेवर जाऊन बसले.

नारळी पौर्णिमेला चार दिवस राहिलेले असताना मी शाळेतून घरी येते आहे आणि किनाऱ्यावर आमच्या बोटीभोवती बाया जमलेल्या दिसतात. बोईसरला कारखान्यांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर बोटी रंगवायला आला होता. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, देवीचं नाव नेहमीसारखं मराठीत होतं. आणि मागच्या बाजूला, निळ्यावर पांढऱ्या रंगात, हातभर लांब इंग्रजी अक्षरं. अजून ओली. आईनं माझी घरी राहिलेली शब्दांची वही पेंटरच्या हातात दिली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण आपला अंगठा तिला ओळखू येत होता. चौथा, सगळ्यांत काळा. पेंटरनं अंगठ्यापुढची अक्षरं जशीच्या तशी उतरवून घेतली. तोही हिंदीत आईला म्हणत होता की असं नाव त्यानं आजवर कुठं रंगवलं नाही. आईनं मला पुढं ओढलं आणि बायांना सांगितलं, "माझ्या पोरीनं शिकवला मला. पक्कं घर म्हंजे. बोट पन आपलं घरच हाय ना?"

पायाखालची वाळू सरकली म्हणतात तसं काही झालं नाही, वाळू चांगली घट्ट होती, मीच हलत होते. एक वाक्य बोलले असते तर पेंटरनं ओल्या रंगावर फडकं फिरवलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे बोटीच्या अंगाशी उभं राहून, इतक्या बायांसमोर, पौर्णिमेच्या तोंडावर, तो शब्द मराठीत म्हणायचा. माझी अशी समजूत की जोवर तो इंग्रजीत आहे तोवर त्याला विष नाही. आमच्या देवीला इंग्रजी थोडंच येतं. आणि दुसरी भीती होती ती शाळेची. काकी आधीच म्हणत होती की पोरीला आणखी शिकवून काय करायचंय, मासळी विकायला बसवा. खोटं उघडं पडलं की वही चुलीत आणि मी टोपलीसह बाजारात, हे ठरलेलं होतं. मी मान डोलावली. बोट नारळ वाहून पाण्यात गेली.

त्यानंतरचे दोन महिने मी कसे काढले ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण तेव्हाही मी तुम्हाला सांगितलं नाही. बोट दोन-दोन दिवस बाहेर असे. तेवढे दोन दिवस मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या टेकाडावर जाऊन समुद्राकडं बघत राही. तीनदा शिक्षकांच्या खोलीच्या दारापर्यंत आले. एकदा तर तुम्ही वर बघून काय गं म्हणून विचारलंतही, आणि मी खडू मागितला. फोरबोडिंगचा अर्थ तुम्ही वर्गात पुन्हा सांगितलात, काहीतरी वाईट घडणार आहे असं आतून वाटणं, तेव्हा मी तो लिहूनसुद्धा घेतला नाही. तुमच्या गोष्टीतला तो गढीचा मालक निदान मोठा माणूस होता. मी चौदा वर्षांची होते आणि मला वाटत होतं की बाबांना मी शब्दानं मारते आहे.

दिवाळीला आठवडा उरला होता. शनिवार, सकाळची शाळा, आणि मी शाळेत गेलेच नाही, कारण आमची बोट आदल्या दुपारी यायला हवी होती ती आली नव्हती. बाकीच्या सगळ्या लागल्या होत्या. बाहेर वारा सुटला होता असं परत आलेले खलाशी सांगत होते, आणि आमची शेवटची कुठं दिसली ते विचारलं की एकमेकांकडं बघत होते. बोटीवर बाबा, काका आणि दोन खलाशी. आई आणि काकी पाण्याच्या कडेला उभ्या. तेवढ्यात आमच्या शेजारचा, बोईसरच्या कारखान्यातला एक कारकून, डिक्शनरी काखेत मारून आला. त्यानं बोट निघताना मागचा शब्द वाचला होता, तो त्याच्या डोक्यात राहिला होता, आणि सुट्टी होती म्हणून त्यानं तो शोधून काढला होता. वाईट माणूस नव्हता तो. फक्त त्याला आलेलं ज्ञान पोटात राहत नसे. त्यानं सगळ्यांच्या देखत तो अर्थ सांगितला. पाण्याकडं तोंड करून, मराठीत, स्पष्ट.

आई माझ्याकडं वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पॅलर, मला तो शब्द त्या क्षणी आठवला याची आजही लाज वाटते. तिनं विचारलं, "कोनी सांगितला तुला त्यो अर्थ, पक्क्या घराचा?"

मी म्हटलं, "बाईंनी."

काकी शाळेत गेली आणि तुम्हाला घेऊन आली. वाटेत तिनं तुम्हाला सगळं सांगितलं असणार, कारण तुम्ही आलात त्या आईसमोर येऊनच थांबलात. खांद्याला पिशवी, हातात छत्री, इस्त्रीची फिकी पिवळी साडी. आईनं वहीचं ते पान तुमच्यापुढं धरलं आणि विचारलं, "ह्यो अर्थ पोरीला तुमी सांगितला?" तुम्ही वहीकडं पाहिलंत. मग माझ्याकडं पाहिलंत. तुम्हाला सगळं समजलं हे मला तेव्हाच समजलं. मी आईच्या मागं होते आणि तिचा पदर माझ्या मुठीत होता.

"हो," तुम्ही म्हणालात, "मीच सांगितला. माझी चूक झाली."

मग काकीनं ती रीत काढली. बोट बाहेर असताना ज्याच्यामुळं अभद्र आलं, त्यानं बोट लागेपर्यंत पाण्याकडं तोंड करून वाळूत बसायचं. खायचं नाही, प्यायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. आजीच्या काळी कोणी बसलं होतं असं नुसतं ऐकून होतो आम्ही. तुम्हाला जबरदस्ती करायची कोणाची हिंमत नव्हती. तुम्ही शिकलेल्या, परक्या, चार पोलीस आणले असतेत तरी कोणाला नवल वाटलं नसतं. तुम्ही छत्री मिटलीत, चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्यात आणि विचारलंत, "कुठे बसू?"

दहाच्या सुमाराला बसलात. मी तुमच्या मागं दहा-बारा पावलांवर उभी होते. ऊन चढत जातं, तुमच्या मानेचा मागचा भाग लाल होतो, पदर डोक्यावर घ्यायचंही तुमच्या लक्षात येत नाही. भरतीचं पाणी पायापर्यंत येतं, साडी भिजते, तुम्ही सरकत नाही. मध्येच तुमची पाठ जरा हलायची, बहुतेक कंबर भरून येत होती, आणि दर वेळी मी श्वास रोखून धरायची. आईनं दोनदा येऊन समुद्र पाहिला आणि तुमच्याकडं न बघता परत गेली. मी एकदाही पुढं झाले नाही. माझ्या जागी तुम्ही बसला होता आणि मी सावलीत सरकून उभी होते, हेच खरं आहे.

चारच्या सुमाराला तुम्हीच पहिल्यांदा हात वर केलात. एका दुसऱ्या बोटीनं आमची बोट दोरानं ओढत आणली होती. इंजिन मधेच बंद पडलं होतं, रात्रभर नांगर टाकून राहिले होते, एवढंच. चौघेही धड होते, बाबांची फक्त तळहाताची कातडी सोलली होती. आईनं मोठ्यानं गळा काढला. किनारा सगळा पाण्यात धावला. तुम्ही मात्र बोटीचा तळ वाळूला लागेपर्यंत बसून राहिलात आणि मग उठायला गेलात तर पाय बधिर झालेले, गुडघ्यावर कोसळलात. तिथं तेवढी मी धावले. तुमचा हात कोरडा आणि तापलेला होता. मला वाटलं आता तुम्ही बोलाल. तुम्ही वाळू झटकलीत, चपला घातल्यात आणि म्हणालात, "सोमवारी शाळेत ये. चुकवू नकोस."

बाबांनी त्याच संध्याकाळी तो शब्द खरवडून काढला. इंजिनाचा एक पार्ट दोन वर्षं बदलायचा राहिला होता असं ते सगळ्यांना सांगत होते, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही. कोळीवाड्यातल्या चार मुलींचं नाव घरच्यांनी दिवाळीनंतर शाळेतून काढलं. माझं नाही काढलं. आई म्हणाली की माझ्या पोरीचा काय दोष, तिला बाईनं जे सांगितलं ते तिनं सांगितलं. त्या चौघींतली एक अजून बाजारात भेटते, मला मॅडम म्हणते, आणि मी तिच्याशी घासाघीस करत नाही. तुमच्याविरुद्ध संस्थेकडं अर्ज गेला आणि जूनमध्ये तुम्ही वाणगावकडच्या शाळेत गेलात. जायच्या आधी वह्या परत केल्यात, त्यात माझ्या बाकीच्या सगळ्या शब्दांपुढं बरोबरची तांबडी खूण होती. त्या एका शब्दापुढं बरोबरही नव्हतं आणि चूकही नव्हतं.

तुम्ही गेल्याचं मला पालघरला शिक्षकांच्या एका बैठकीत कळलं. मी वाणगावची गाडी पकडायला स्टेशनवर आले, फलाटावर अर्धा तास बसले आणि घरी परत गेले. तिथं कोणीतरी विचारलं असतं की तुम्ही बाईंच्या कोण, तर मी काय सांगणार होते?

आई अजून आहे. तिनं कितीतरी वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या, आणि अलीकडं तिचं सगळं बोलणंच फिरलं आहे. मागच्या आठवड्यात नातसुनेला सांगत होती की एक बाई होती, दिवसभर वाळूत उपाशी बसली, तिच्या बसण्यानं माझं कुंकू परत आलं. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. दार उघडं होतं, चार पावलांचं अंतर. मी तेव्हाही गेले नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. पण एक गोष्ट लिहून ठेवते. तुम्ही बसला होता ते सहा तास मी देवीला हात जोडून उभी होते, आणि बघणाऱ्यांना वाटत होतं की पोर बापासाठी रडते आहे. बाई, मी दोन मागणी मागत होते. तुम्ही मागं वळून खरं सांगू नये, हे पहिलं. बाबांचं दुसरं होतं.